साखरेची आकृती आणि सणाची भेट

सण आला की काही गोड करावे आणि ते आपल्या माणसांच्या हाती ठेवावे, ही रीत इतकी सार्वत्रिक आहे की तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. राजांच्या तहांना इतिहास असतो, धर्मपंथांना असतो, व्यापाराला असतो. साखरेच्या वडीला तो कोठून असणार? परंतु ज्या वस्तू रोजच्या हाताळण्यातल्या असतात त्यांच्याच पोटी पुष्कळदा मोठमोठ्या उलथापालथींच्या खुणा दडलेल्या सापडतात. अमेरिकेत नाताळच्या दिवसांत घरोघर दूध, साखर व चॉकलेट आटवून 'फज' नावाची मिठाई करतात. तिला कोणी तारकेचा आकार देतो, कोणी नाताळच्या झाडाचा, तर कोणी दारावर टांगावयाच्या हिरव्या कड्याचा. आणि मग ती पेटीत घालून शेजाऱ्यांस व आप्तेष्टांस भेट म्हणून धाडतात. लोणावळ्यास उतरणाऱ्या आमच्या प्रवाशांना चिक्कीच्या जोडीने हा पदार्थ परिचयाचा झालेला आहेच. या साध्या वडीचा वंश शोधू लागले तर त्याची एक मुळी कैरोच्या खलिफांच्या मेजवानीपर्यंत, दुसरी क्यूबा आणि मॉरिशस येथील उसाच्या मळ्यांपर्यंत, आणि तिसरी स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या वादापर्यंत जाऊन पोहोचते. या मुळ्यांचा मागोवा घेतला म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर हाती येण्याचा संभव आहे : बाजारात हवी तितकी मिठाई अल्प मोलाने मिळत असता माणसे घरी खपून ती का करतात, आणि तिला आकार देण्याची एवढी यातायात कशासाठी?

प्रथम शब्दांकडे पाहू. इंग्रजीतील 'शुगर' हा शब्द आपल्या 'शर्करे'चा आणि 'कँडी' हा आपल्या 'खंडा'चा वंशज होय, हे पुष्कळांस ठाऊक असते. तिसऱ्या एका शब्दाची कथा तितकी प्रसिद्ध नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी मालिका दिलेली आहे. त्यांतील 'फाणित' म्हणजे आटवून दाट केलेला उसाचा रस. हा शब्द फारसीत 'पानीद' झाला, अरबीत 'फानीद' झाला, आणि अरबांबरोबर पश्चिमेकडे जाऊन पोर्तुगीजांच्या व स्पॅनिश लोकांच्या भाषांत 'आल्फेनीं' व 'आल्फेन्यीके' या रूपांनी स्थिरावला. या प्रवासात अर्थही पालटला. काकवीसारख्या दाट रसाचे नाव आता साखरेच्या त्या पांढऱ्या कणकेला मिळाले, जिला हाताने किंवा साच्याने हवा तो आकार देता येतो. अझोर्स बेटांतील तेर्सेइरा येथे या कणकेची कबुतरे आणि फुले करतात. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या १ व २ तारखांस मृतांच्या स्मरणाचा सण असतो. त्या वेळी साखरेच्या कवट्या करून त्यांच्या कपाळावर नाव लिहितात, आणि ते नाव पुष्कळदा जिवंत मित्राचे किंवा मुलाचेच असते. कवटी पाहून आपण दचकू. तेथील मूल आपले नाव वाचून हसते आणि ती खाऊन टाकते. आकार दिलेली साखर ही विशिष्ट माणसाला उद्देशून असते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

सणाच्या दिवशी साखरेच्या आकृती मांडण्याची रीत प्रथम भरभराटीस आली ती अरबी जगात. फारसी प्रवासी व कवी नासिर-ए-खुस्रो हा १०४७ साली कैरोत पोहोचला. रमजानच्या अखेरीस होणाऱ्या ईदेच्या मेजवानीसाठी तेथील फातिमी सुलतानाच्या वाड्यात जी सिद्धता चालली होती ती त्याने आपल्या प्रवासवृत्तात नोंदून ठेविली आहे. संत्र्याच्या झाडासारखे एक झाड त्याला तेथे दिसले. त्याच्या फांद्या, पाने, फळे सारी साखरेची होती, आणि भोवती साखरेच्याच असंख्य मूर्ती होत्या. ही झाली राजवाड्यातील गोष्ट. पुढे सुमारे चारशे वर्षांनी त्याच शहराचा इतिहासकार अल्-मक्रीझी हा मिठाईवाल्यांच्या बाजाराचे वर्णन करतो, तेव्हा रज्जब महिन्यात दुकानांतून दोऱ्यांनी टांगलेले साखरेचे घोडे, सिंह व मांजरे आढळतात, आणि लोक ते आपल्या मुलाबाळांसाठी विकत नेत असल्याचे कळते. राजवाड्यातील झाड बाजारातील घोडा झाले. इजिप्तमध्ये पैगंबरांच्या जन्मोत्सवास साखरेची बाहुली आणि साखरेचा घोडेस्वार देण्याचा प्रघात आजही आहे.

युरोपात मात्र हे लोण राजवाड्यातून बाहेर पडण्यास फार काळ लागला. तेथे साखर दुरून येई, महाग असे, आणि औषधी द्रव्यांच्या दुकानात तोलून विकली जाई. जी वस्तू सामान्यांच्या हाती लागत नाही तिची उधळण करणे हे सत्तेचे उघड प्रदर्शन होय. १४२९ साली इंग्लंडचा बालराजा सहावा हेन्री याचा राज्याभिषेक झाला. त्या मेजवानीत पदार्थांच्या प्रत्येक फेरीनंतर साखर व पिठाच्या आकृतींचा एकेक देखावा आणला गेला. त्यांपैकी एकात इंग्लंडचा संत राजा एडवर्ड आणि फ्रान्सचा संत राजा लुई यांच्या मध्ये हा सात वर्षांचा मुलगा उभा होता. दोन्ही सिंहासनांवर याचाच हक्क आहे, एवढेच त्या साखरेला सांगावयाचे होते. १५७४ साली फ्रान्सचा तिसरा हेन्री व्हेनिसला आला असता त्याच्यापुढे मांडलेल्या मेजावर रुमाल, थाळ्या, सुऱ्या, सारे साखरेचे होते. राजाने रुमाल उचलला तो त्याच्या हातात मोडला, असे सांगतात. सिडनी मिंट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या देखाव्यांचे मर्म नेमके दाखवून दिले आहे : पाहुणे जेव्हा अशी आकृती खात, तेव्हा ते यजमानाचे सामर्थ्यच मान्य करीत असत. आकृती तीच, साखरही तीच; परंतु कैरोच्या मुलाला मिळालेला घोडा ही भेट होती, आणि व्हेनिसच्या राजाला मिळालेला रुमाल हा दरारा होता.

मग साखर स्वस्त झाली. ती कशी झाली हे सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कॅरिबियन समुद्रातील बेटांत आणि ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांच्या श्रमावर उसाचे मळे उभे राहिले, आणि राजाच्या मेजावरची वस्तू मजुराच्या चहाच्या पेल्यात आली. इंग्लंडने १८३३ साली आपल्या वसाहतींतील गुलामगिरी कायद्याने बंद केली, तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे नजर वळविली. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे पाच लाख करारबद्ध मजूर मॉरिशस बेटाच्या घाटावर उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील व घाटावरील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी भाषा व आपले सणवार जतन करून आहेत. अमेरिकेला साखर पुरविण्यात क्यूबाचा वाटा फार मोठा होता, आणि क्यूबातील गुलामगिरीचा शेवट १८८६ साली झाला; ब्राझीलमधील १८८८ साली. ही दोन वर्षे वाचकांनी लक्षात असू द्यावी. फजाच्या इतिहासातही नेमकी हीच दोन वर्षे येतात. हा केवळ योगायोग आहे, कार्यकारणभाव नव्हे. परंतु ज्या काळात ही घरगुती मिठाई जन्मली त्या काळाचे स्मरण या योगायोगाने राहते.

स्वस्त साखरेमागोमाग यंत्रे आली. १८४७ साली बॉस्टनमध्ये ऑलिव्हर चेस याने साखरेच्या चकत्या कापणारे यंत्र बनविले. पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या लोकांत नाताळात मुलांना लाल, पिवळी व हिरवी, काचेसारखी पारदर्शक साखरेची खेळणी देण्याची चाल होती : हरणे, घोडे, जहाजे, पुढे आगगाडीची एंजिनेसुद्धा. फिलाडेल्फियातील थॉमस मिल्स आणि बंधू या १८६४ साली स्थापन झालेल्या कारखान्याने या खेळण्यांचे धातूचे साचे मिठाईवाल्यांना पुरविले. जो साचा एके काळी कुशल कारागिराने लाकडात कोरावा लागे तो आता कारखान्यातून निघू लागला, आणि एका साच्यातून हजारो हरणे बाहेर पडू लागली. तेव्हा असे वाटणे स्वाभाविक होते की साखरेच्या आकृतीचा इतिहास येथे संपला. जी वस्तू कोणालाही पैशा-दोन पैशांना मिळते ती देण्यात थोरवी ती कोणती? राजाला तिचा उपयोग उरला नाही. घरच्या माणसाने ती करावी तर कारखाना त्याहून सफाईने करतो. आणि नेमक्या याच वेळी फज अवतरले.

फजाच्या जन्माविषयी दंतकथा पुष्कळ आहेत. इंग्रजीत 'फज' या शब्दाला थापेबाजी किंवा वेळ मारून नेणे असा जुना अर्थ आहे. त्यावरून कोणा मिठाईवाल्याचा दुसराच पदार्थ बिघडला आणि त्यातून हे निघाले, असे म्हणतात. या कथेला आधार नाही. आधार आहे तो एका पत्राचा. एमेलिन हार्ट्रिज ही न्यूयॉर्क राज्यातील व्हासर महाविद्यालयाची विद्यार्थिनी. पुढे तिने न्यू जर्सीत प्लेनफील्ड येथे मुलींची शाळा नावारूपास आणिली. तिने लिहून ठेविले आहे की १८८६ साली बाल्टिमोर शहरातील एका दुकानात फज ४० सेंटला पौंड या भावाने विकले जात असे. एका शाळासोबतिणीच्या नात्यातून तिला त्याची कृती मिळाली. आणि १८८८ साली व्हासरमध्ये वरिष्ठ वर्गाच्या लिलावाच्या प्रसंगी तिने ३० पौंड फज केले. दोन पेले साखर, एक पेला दुधाची साय, थोडे बिनसाखरेचे चॉकलेट आणि चमचाभर लोणी, एवढेच त्याचे साहित्य. थोड्याच काळात स्मिथ आणि वेलस्ली या मुलींच्या महाविद्यालयांनी आपापले प्रकार काढले. स्मिथच्या कृतीत तांबूस साखर व काकवी पडली, तर वेलस्लीच्या कृतीत मार्शमॅलो नावाची मऊ मिठाई.

हा पदार्थ मुलींच्या महाविद्यालयातच का वाढला? याचे उत्तर पाकशास्त्रात नाही. व्हासर १८६५ साली सुरू झाले. स्मिथ व वेलस्ली १८७५ साली. १८७३ मध्ये बॉस्टनच्या एडवर्ड क्लार्क नावाच्या डॉक्टराने ग्रंथ लिहून असे प्रतिपादिले होते की मुलांसारखा अभ्यास केल्याने मुलींच्या शरीराची हानी होते. या मताचा अंमल मोठा होता, आणि प्रत्येक विद्यार्थिनीला जणू काही आपल्या प्रकृतीने त्याचे खंडन करावे लागत होते. आमच्या वाचकांस त्या काळाची दुसरी बाजू परिचयाची आहे. १८८६ च्या मार्च महिन्यात आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. तो समारंभ पाहण्यास पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत त्या देशात राहून त्यांनी तेथील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास केला. त्याचे फळ म्हणजे १८८९ साली निघालेले 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक. म्हणजे ज्या वर्षांत रमाबाई तेथील स्त्रीशिक्षणाकडे आशेने पाहत होत्या, त्याच वर्षांत त्या शिक्षणाच्या वसतिगृहांत रात्री गॅसच्या दिव्यावर किंवा स्पिरिटच्या चुलीवर पातेले चढत होते.

त्या पातेल्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. स्त्रीने रांधणे यात नवल ते काय? नवल हे की या मुलींवर रांधण्याची सक्ती नव्हती. त्यांचे जेवण महाविद्यालयाच्या मुदपाकखान्यात होत होते; दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना ग्रीक किंवा गणिताच्या वर्गाला जावयाचे होते. नवऱ्यासाठी नाही, सासूच्या धाकाने नाही, कुळाचार म्हणून नाही, तर मैत्रिणींसाठी आणि आपल्या हौसेने, दिवे मालवण्याच्या वेळेनंतर गुपचूप त्यांनी पाक केला. स्वयंपाकघराच्या बाहेर झालेला हा स्वयंपाक होता. साखरेच्या इतिहासात राजाचा आचारी हुकमाचा ताबेदार होता, मळ्यातील मजूर तर साखळदंडाने किंवा कराराने बांधलेला होता. करणाऱ्याचा हात मोकळा असणे ही येथे अपूर्व गोष्ट होती.

दुसरी गोष्ट अशी की हे काम फसण्याजोगे होते. आमच्या गृहिणींना पाकाच्या पायऱ्या सांगावयास नकोत. एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे शब्दच त्यांचे तापमापक होत. फजाला लागतो तो गोळीचा पाक : थेंब गार पाण्यात टाकला तर बोटांनी त्याची मऊ गोळी वळली पाहिजे. त्या वेळी पाकाची उष्णता सुमारे ११२ ते ११६ अंश सेंटिग्रेड असते. इथवर आमची बर्फी आणि तिकडचे फज ही एकाच वाटेने चालतात. पुढची पायरी मात्र धीराची आहे. भांडे उतरवून ते सुमारे ४५ अंशांपर्यंत निवेतो त्याला हात लावावयाचा नाही. थंड होत जाणाऱ्या पाकात मावते त्याहून अधिक साखर विरघळलेली राहते. ती केवळ निमित्ताची वाट पाहत असते. ऊन असतानाच ढवळले, किंवा भांड्याच्या कडेचा एखादा कोरडा कण आत पडला, तर थोडेच आणि मोठे स्फटिक बनून वडी रेताड होते. निवल्यावर एकदम जोराने घोटले, तर असंख्य अतिसूक्ष्म स्फटिक एकाच वेळी बनतात, आणि दुधातील स्निग्धांश त्यांना एकमेकांपासून अलग ठेवतो. म्हणून ती जिभेवर लोण्यासारखी विरघळते. पाकात लिंबाचे दोन थेंब टाकण्याची आमच्याकडची युक्ती याच कामी येते. आंबटामुळे साखरेचा काही अंश फुटतो आणि स्फटिकांच्या वाढीला अडथळा होतो. घोटता घोटता वरची चकाकी मावळते, तो क्षण साच्यात ओतण्याचा. तो हुकला की भांड्यातच दगड होतो. आकार देण्याची संधी जी काय मिळते ती त्या थोडक्या क्षणांची.

ज्या भेटीत फसण्याचा धोका पत्करलेला असतो ती घेणाऱ्याला निराळी वाटते. कारखान्याची मिठाई फसत नाही. म्हणून तिच्यात करणाऱ्याचे अवधान दिसत नाही. साखरेची किंमत नाहीशी झाल्यावर भेटीला दुसरी काही किंमत असणे भाग होते, आणि ती या अवधानाने भरून काढली. विसाव्या शतकाच्या आरंभी महाविद्यालयांतील कृती नियतकालिकांत आणि चॉकलेट-कंपन्यांच्या पुस्तिकांत छापून आल्या, पदवी घेऊन घरी गेलेल्या मुलींनी त्या आपल्या गावी नेल्या, आणि नाताळच्या पेटीत घरच्या फजाला मानाची जागा मिळाली. दोन महायुद्धांनी या रिवाजाची परीक्षा पाहिली. १९१८ साली अमेरिकेत साखरेची काटकसर सक्तीची झाली; दुसऱ्या युद्धात तर मे १९४२ मध्ये शिधापत्रिकेवर गेलेला पहिला खाद्यपदार्थ साखर हाच होता, आणि ते नियंत्रण जून १९४७ मध्ये उठले. मोजून मिळालेल्या साखरेतून जेव्हा सणाची वडी होई, तेव्हा ती भेट पुन्हा एकदा शब्दशः मोलाची झाली. परंतु आता ते मोल राजाच्या वैभवाचे नव्हते, घासातला घास काढून देण्याचे होते.

यानंतरचे वळण काहीसे उपरोधिक आहे. घरगुती भेटीची महती ओळखली ती कारखान्यांनीच. मॅसॅच्युसेट्समध्ये ड्यूर्की आणि मोवर या दोघांनी १९२० साली मार्शमॅलोची लोण्यासारखी उटी विकण्याचा धंदा विकत घेतला होता. त्यांच्या कंपनीने 'कधीही न फसणारे फज' या नावाने एक कृती लोकप्रिय केली. ती उटी घातली की स्फटिकांची भीती फारशी उरत नाही. अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांच्या नावे १९५० नंतरच्या दशकात गाजलेली कृतीही याच जातीची. आटवलेल्या डब्याच्या दुधाने तर पाक करण्याचेच कारण ठेवले नाही. चॉकलेट वितळवून त्यात मिसळले की काम झाले. यावर कोणी म्हणेल, धोका गेला तेव्हा भेटीचे मर्मही गेले. घरगुती म्हणून जे देतो ते दोन डब्यांची भेसळ मात्र होय.

हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही, पण अपुरा आहे. कारण ज्या वेळी पाक फसेनासा झाला, त्याच वेळी आकाराला महत्त्व चढले. चौकोनी वडी करणारी गृहिणी आता बिस्किटे कापण्याच्या पत्र्याच्या साच्याने तारे आणि झाडे कापू लागली. गोल भांड्याच्या मध्यभागी रिकामा डबा उभा करून भोवती फज ओतू लागली, म्हणजे त्याचे कडे होते, आणि त्यावर लाल-हिरव्या फळांचे तुकडे बसवू लागली. हे पोरखेळ आहेत असे कोणास वाटेल. परंतु माणसाच्या अवधानाला एक वाट बंद झाली की ते दुसरी शोधते. पाकात जे कौशल्य दाखवावयाचे ते आकृतीत उतरले. मेक्सिकोच्या कवटीवर जसे नाव लिहिलेले असते, तसे या ताऱ्यावर किंवा झाडावर अक्षर नसले तरी 'हे तुझ्यासाठी केले' एवढा पत्ता असतो. चौकोनी वडी कोणाचीही असू शकते. घोड्याच्या वेडाने भारलेल्या पोरासाठी केलेला घोडा त्याचाच असतो.

आपल्या किनाऱ्यावर हीच गोष्ट फार जवळून पाहावयास मिळते. गोव्यातील, वसईतील आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजातील ख्रिस्ती घरांत नाताळापूर्वी दूध, साखर व काजूची पूड आटवून 'मिल्क क्रीम' नावाची मिठाई करतात आणि ती रबराच्या लहान साच्यांत दाबून फुले, पाने, मासे, शिंपले काढतात. दूध व साखर आटविणे, गोळा होईपर्यंत घोटणे, मऊ आहे तोवर साच्यात भरणे, या साऱ्यांत हा फजाचा सख्खा भाऊ शोभतो, मात्र त्याला चॉकलेटचा स्पर्श नाही. नेवऱ्या, कलकल, दोदोल यांच्याबरोबर तो ताटात मांडला जातो, वर विणलेला रुमाल घातला जातो, आणि ताट शेजारी जाते. शेजारी हिंदू असला तरी जाते, आणि त्या घरचा दिवाळीचा किंवा चतुर्थीचा फराळ आपल्या वेळी परत येतो. ताट रिकामे परत करू नये हा तेथला अलिखित नियम. संक्रांतीला नव्या सुनेला किंवा लहान मुलाला घरी केलेल्या हलव्याचे दागिने घालणाऱ्या मराठी कुटुंबाला हे वेगळे समजावून देण्याची गरज नाही. मंद आचेवर, कढईत पाकाचे थेंब सोडीत, तासन् तास हाताने हलवून एकेका दाण्यावर काटा आणणे, याहून अवधानाचे उघड प्रमाण ते कोणते?

परंतु येथेच एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून या लेखाचा शेवट करता येणार नाही. हलव्याचा काटा ज्या बोटांनी आणला ती बोटे पोळली होती का, आणि ती आपखुषीने कढईत गेली होती का? सणाच्या पक्वान्नांचे गोडवे गाणारे बहुधा पाटावर बसलेले असतात. चुलीपुढे बसलेल्या बाईला तिचे मत कोणी विचारलेले नसते. तिने केलेल्या वस्तूला भेट म्हणावे, तर देणारी ती नव्हेच, देणारे घराणे. तिचा वाटा राबण्याचा. या दृष्टीने पाहिले म्हणजे व्हासरच्या वसतिगृहातील त्या पातेल्याचे महत्त्व कळते. तेथे प्रथमच पाक करणारी आणि भेट देणारी ही एकच व्यक्ती होती. आणि 'आज मला करावयाचे नाही' असे म्हणण्याची तिला मुभा होती. नाही म्हणता येते तेथेच होय म्हणण्याला किंमत असते.

साखरेच्या आकृतीचा हा हजार वर्षांचा प्रवास पाहिला म्हणजे असे दिसते की वस्तू फारशी बदललेली नाही. बदलले आहेत ते तिच्या पाठीमागचे हात. खलिफाच्या झाडामागे आणि व्हेनिसच्या रुमालामागे हुकूम होता. स्वस्त साखरेच्या पहिल्या पोत्यामागे चाबूक होता, आणि पुढच्या पोत्यांमागे अंगठा उठविलेला करारनामा, ज्यांतील काही अंगठे आपल्याच कोकणातले होते. या साऱ्यांनंतर, एखाद्या घरात कोणी आपण होऊन पाक करते, तो निवेपर्यंत धीर धरते, आणि ज्याला द्यावयाचे त्याची आवड मनात आणून त्याला आकार देते, ही घटना वाटते तितकी क्षुल्लक नाही. त्या घरात पाक घोटण्याची पाळी पुरुषांवर आणि मुलांवरही येऊ लागली, तर या दीर्घ इतिहासाला त्याहून चांगले पुढचे पान सुचवता येणार नाही. सणाची भेट गोड असते ती साखरेमुळे खरी. पण ती भेट ठरते ती करणाऱ्याच्या मोकळेपणामुळे.